एकच मेंदू नाशिकात मोठा, पुण्यात लहान: एमआरआयची मापं जुळवायची कशी?

कॉइलवाला

नमस्कार मंडळी. चौदा वर्षं एमआरआयच्या कन्सोलवर बसतोय, त्यातली शेवटची सहा ३ टेस्लावर (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप). आजवर काम सरळ होतं. पेशंट आला, टिकली-आकडे-मंगळसूत्र काढून ठेवलं, स्कॅन केला, रिपोर्टिंगला पाठवला. यंदा मात्र आमचं नाशिकचं केंद्र एका संशोधनात सामील झालंय. म्हाताऱ्या माणसांच्या स्मरणशक्तीचा अभ्यास आहे. पाच शहरं, पाच ३ टेस्ला मशिनं, आणि ती तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. अभ्यासाचं नि केंद्रांचं नाव लिहीत नाही, विचारूही नका.

तर झालं असं. खरं काम सुरू व्हायच्या आधी चाचणी म्हणून मी स्वतःच आमच्या मशिनमध्ये आडवा झालो आणि दहा दिवसांनी पुण्याच्या केंद्रात. दोन्हीकडे प्रोटोकॉल एकच, सगळ्यांनी एकत्र बसून लिहिलेला. दोन्ही स्कॅन एकाच सॉफ्टवेअरमधून मोजले, तर माझा हिप्पोकॅम्पस, म्हणजे मेंदूतला आठवणी सांभाळणारा भाग, पुण्यात लहान निघाला. घरी सांगितलं तर बायको म्हणाली, "पुण्यात गेलं की तुमची अक्कल कमी होते हे सांगायला मशिन कशाला हवं होतं?"

हसून सोडून दिलं, पण रात्री झोप लागेना. कारण आपण जे मोजायला निघालोय ते मुळात बारीक आहे. २००९ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेला आढावा सांगतो की अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पस वर्षाला साधारण ४.७ टक्के झिजतो, आणि निरोगी वृद्धांत १.४ टक्के. म्हणजे आजारी आणि निरोगी यांच्यात वर्षाला तीन-साडेतीन टक्क्यांचं अंतर. मशिनच दोन टक्के इकडेतिकडे करत असेल, तर आजार कोणता आणि मशिन कोणतं हे ओळखायचं कसं?

"एकच प्रोटोकॉल" हा शब्द किती फसवा आहे ते सांगतो. टी१ चित्रांसाठी, म्हणजे मेंदूची रचना दाखवणाऱ्या चित्रांसाठी, आपण एमपी-रेज नावाचा सीक्वेन्स (रेडिओ पल्सची ठरलेली मालिका) लावतो. सीमेन्सच्या कन्सोलवर टीआर म्हणजे एका इन्व्हर्जन पल्सपासून पुढच्या पल्सपर्यंतचा वेळ, २३०० मिलिसेकंदांच्या आसपास. जीईवर टीआर म्हणजे दोन एकोंमधलं, परत येणाऱ्या दोन सिग्नलांमधलं अंतर, जेमतेम ७ मिलिसेकंद! फिलिप्सवरही टीआर छोटाच, आणि तो मोठा वेळ वेगळ्या नावाने वेगळ्या रकान्यात. जगातला या क्षेत्रातला सगळ्यात नावाजलेला अभ्यास, २००४ साली अमेरिकेत सुरू झालेला ॲडनी, त्यांनीही सीमेन्सला टीआय (इन्व्हर्जन पल्सनंतर थांबायचा वेळ) ९०० ठेवला आणि जीईला ४००. आकडे वेगळे ठेवले तेव्हा चित्रं जवळ आली. आमच्या पहिल्या बैठकीत एका केंद्राने आकडे जसेच्या तसे भरायचा आग्रह धरला होता. तास गेला त्यात.

त्यावर आणखी ते फिल्टर. कॉइलजवळचा (कॉइल म्हणजे डोक्याभोवतीची सिग्नल पकडणारी अँटेना) भाग उजळ दिसतो म्हणून प्रत्येक कंपनी तो सपाट करून देते. सीमेन्सचं प्रीस्कॅन नॉर्मलाइज, जीईचं प्युअर, फिलिप्सचं क्लिअर. नावं तीन, पद्धती तीन, आणि टिक करायची राहिली तर चित्र निराळंच. पुण्यात ती टिक राहिली होती. निदान एक चोर तरी सापडला.

कोणी असं काम केलंय का? सांगा. सध्या तरी मी रोज लॉगबुक लिहितो आणि देवावर हवाला.

---

चहाबाज

वाखूसा (वाचनखूण साठवली)! रोचक आहे. वहिनींना +१.

---

गेजवाला

अंबड एमआयडीसीत बावीस वर्षं क्वालिटीत काढली. कॉइलवाला, तुम्ही जे सांगताय त्याला आमच्याकडे गेज आर अँड आर म्हणतात. दहा पीस घ्यायचे, तीन ऑपरेटर, प्रत्येकाने प्रत्येक पीस दोन-तीनदा मोजायचा, आधी कोणी काय मोजलं ते न बघता. मग हिशेब मांडायचा: फरक गेजचा किती, माणसाचा किती, पिसापिसांतला खरा किती. गेजचाच फरक जास्त निघाला तर त्या गेजवर कितीही पीस मोजा, सगळं व्यर्थ.

तुम्ही एक पीस, म्हणजे तुमचं डोकं, दोन ठिकाणी एकेकदा मोजलंत. त्यावरून पुण्याचं मशिन खोटं कसं म्हणता? आधी नाशिकातच त्याच डोक्याचं माप चार वेळा घ्या. उठा, बाहेर या, पुन्हा आडवे व्हा. चारही वेळा एकच येतं का ते बघा.

आणि सीएमएम (पिसाची बारीक मापं घेणारं यंत्र) असते ती रूम २० अंशांवर ठेवावी लागते आम्हाला. तुमच्या खोलीचं तापमान कोण बघतं?

---

भौतिकवेडी

गेजवाला काका, तुम्ही थेट मुद्द्यावर बोट ठेवलंत.

मी मूळची नाशिकरोडची, सध्या बेंगळुरूत, एमआर फिजिक्समध्ये काम करते. इंग्लंड-स्कॉटलंड-वेल्समधल्या ७ टेस्लाच्या पाच केंद्रांनी हेच केलंय: ऑक्सफर्ड, केंब्रिज, नॉटिंगहॅम, ग्लासगो, कार्डिफ. मशिनं काही सीमेन्सची, एक फिलिप्सचं. दहा जणांना आपापल्या केंद्रावर पाचपाच वेळा स्कॅन केलं आणि मग उरलेल्या चारही केंद्रांवर एकेकदा फिरवलं. २०२० साली प्रसिद्ध झालं. त्याला 'ट्रॅव्हलिंग हेड्स' म्हणतात, फिरती डोकी. जर्मनीतल्या ७ टेस्लावाल्यांनीही त्याआधी असा प्रयोग केला होता. दहा पीस, पाच गेज. काकांचं कोष्टक जसंच्या तसं.

आता कॉइलवाला यांच्या दोन टक्क्यांबद्दल. मशिनमध्ये जागा ठरवणारे ग्रेडियंट मधोमध सरळ असतात, कडेला वाकतात. डोकं मध्यबिंदूपासून जितकं दूर, तितकं चित्र ताणलेलं नाहीतर दाबलेलं. कंपनी ते सॉफ्टवेअरने सरळ करते, पण द्विमिती की त्रिमिती हे कन्सोलवर निवडावं लागतं. एका केंद्राने द्विमिती ठेवलं आणि दुसऱ्याने त्रिमिती, तर मान लांब असलेल्या माणसाचं माप वेगळं येणारच. हे आधी तपासा.

दुसरं, फँटम, म्हणजे माणसाऐवजी मशिनमध्ये ठेवून मोजायची ठरावीक मापाची भरलेली वस्तू. एसीआरचा (अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेचा) मोठा फँटम आतून १९० मिलिमीटर व्यासाचा आणि १४८ मिलिमीटर लांबीचा असतो. तो १९२ दिसला तर रोजच्या रिपोर्टिंगला कळतही नाही. पण तिन्ही दिशांना तेवढाच फरक धरला की घनफळात ३ टक्क्यांहून जास्त. म्हणजे तुमचा सगळा अल्झायमर त्यात बुडाला.

तापमानाचं काका बरोबर बोलले. एसीआर फँटममध्ये निकेल क्लोराइडचं पाणी भरतात, कारण त्याचा टी१ (पल्सनंतर चुंबकत्व पूर्ववत व्हायचा वेळ) तापमानाने फारसा हलत नाही. डिफ्यूजन, म्हणजे पाण्याच्या रेणूंचं पसरणं, मोजायचं असेल तर मात्र पंचाईत. पाण्याचं डिफ्यूजन दर अंशाला दोन टक्क्यांहून जास्त बदलतं. म्हणून लोक फँटमभोवती बर्फ भरतात, शून्य अंशाला आणतात आणि मग मोजतात. शून्याला पाण्याचा आकडा पक्का माहीत असतो.

---

चहाबाज

बर्फ हवा असेल तर आमच्या गल्लीतल्या गोळेवाल्याला सांगून ठेवतो. काला खट्टा मशिनमध्ये चालेल का?

---

कॉइलवाला

भौतिकवेडी, साष्टांग. बघितलं. आमच्याकडे त्रिमिती, पुण्यात द्विमिती. दुसरा चोर.

काका, तुमचं ऐकून काल रात्री माझ्याच डोक्याचे तीन स्कॅन घेतले, प्रत्येक वेळी उठून, पाणी पिऊन. तिन्ही जवळजवळ आले, पण तंतोतंत एक नाही. म्हणजे आमचं घरचं गेजसुद्धा थोडं हलतं. हे आधी कळायला हवं होतं.

फँटमची गंमत ऐका. गेल्या महिन्यात आमच्या गोलाला (आमचा फँटम गोल आहे) घेऊन मी स्वतः गाडीने पुण्याला गेलो. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव ठीक. चाकणला अडकलो, दीड तास. मागच्या सीटवर ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला गोल, त्याला बेल्ट लावलेला. शेजारच्या गाडीतल्या बाई काचेतून बघून हसत होत्या, त्यांना बाळ वाटलं. पोचलो तर आत भला मोठा बुडबुडा. खड्ड्यांनी हवा आत शिरली. चित्रात काळा चंद्र. शेवटी तिथल्या फिजिसिस्टने पिचकारीने पाणी भरून बुडबुडा काढला आणि रात्रभर गोल खोलीत ठेवला. सकाळी मापं घेतली.

---

द्राक्षबाग

दिंडोरीकडचा शेतकरी. एमआरआय एकदाच काढला, कमरेचा. पण हा सगळा प्रकार आम्ही दरवर्षी बागेत बघतो. द्राक्षाची गोडी रिफ्रॅक्टोमीटरवर मोजतो. माझ्या मीटरवर ब्रिक्स (गोडीचा आकडा) एक, व्यापाऱ्याच्या मीटरवर दुसरा, आणि भाव ठरतो व्यापाऱ्याच्या मीटरवर! एका वर्षी भांडण झालं. तेव्हा निर्यातवाल्या एका साहेबाने सांगितलं, आधी दोघांनी डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवा, आणि दुपारच्या उन्हात मोजू नका, मीटर २० अंशाला बसवलेला असतो. तसं केलं तर भांडण निम्मं मिटलं. निम्मं का, तर घडाच्या वरच्या मण्याची गोडी वेगळी नि शेंड्याच्या मण्याची वेगळी. कोणी कुठला मणी तोडायचा हे ठरलंच नव्हतं.

माझा साधा प्रश्न. पाचही ठिकाणी एकाच कंपनीचं एकच मॉडेल का घेत नाही?

---

भौतिकवेडी

द्राक्षबाग, "कुठला मणी तोडायचा" हे मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार, परवानगी असू द्या.

तुमचा उपाय जगात एका ठिकाणी खरंच राबवलाय. यूके बायोबँकने (ब्रिटनमधला मोठा आरोग्य-अभ्यास) केंद्रं वेगवेगळ्या गावांत उघडली, पण सगळीकडे ३ टेस्लाचं एकच मॉडेल बसवलं आणि सॉफ्टवेअर गोठवलं. वर्षानुवर्षं अपग्रेड नाही. २०२५च्या जुलैत त्यांचा एक लाखावा माणूस स्कॅन झाला. पण ती केंद्रं फक्त संशोधनासाठी उभारलेली. आपल्याकडे जे मशिन हॉस्पिटलने रोजच्या पेशंटसाठी घेतलंय त्यावरच हे सगळं करायचंय. अमेरिकेच्या एबीसीडी या मुलांच्या मेंदूच्या अभ्यासातही २१ केंद्रं नि तीन कंपन्या आहेत. त्यांनी प्रत्येक कंपनीसाठी वेगळा सीक्वेन्स जुळवून घेतला.

---

कॉइलवाला

'सॉफ्टवेअर गोठवलं' यावरून सांगतो, कारण हे दुखणं ताजं आहे. आमच्या पाचांपैकी एका केंद्रात (नाव नको) सर्व्हिस इंजिनिअर नेहमीच्या मेंटेनन्सला आला आणि जाता जाता सॉफ्टवेअर अपग्रेड करून गेला. कोणाला विचारलं नाही, सांगितलं नाही. त्याचाही दोष नाही, त्याच्या लेखी ती सेवाच. तीन आठवड्यांनी आकडे बघताना आमच्या लक्षात आलं की त्या केंद्राचे सगळे मेंदू एका रात्रीत किंचित बदललेत. सगळ्यांचे! आता तिथे अपग्रेडच्या आधीचे आणि नंतरचे असे दोन गट धरावे लागतील, जणू पाच नव्हे सहा मशिनं आहेत.

त्या दिवसापासून आमच्या कन्सोलच्या मागे मी कागद चिकटवलाय: "संशोधन चालू आहे. अपग्रेड, कॉइल बदल, काहीही करण्याआधी फोन करा." खाली माझा नंबर. आमच्या इंजिनिअरने तो बघितला नि म्हणाला, "लग्नाचं आमंत्रण असल्यासारखं लावलंय."

---

खवट

सगळं वाचलं. कौतुक आहे. पण एक कडू बोलू का? जिल्ह्याच्या गावात गरीब माणसाला एमआरआयची तारीख मिळायला किती थांबावं लागतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. आणि इथे एक निरोगी माणूस स्वतःच्याच डोक्याचे रात्रीत तीन-तीन स्कॅन काढतोय, बर्फ काय, बुडबुडे काय. ही चैन नाही का?

---

कॉइलवाला

प्रश्न योग्य आहे. आमचे संशोधनाचे स्लॉट रात्री साडेआठनंतर, पेशंट संपल्यावर. पेशंटचा एकही स्लॉट त्यासाठी कापलेला नाही, ही अट मीच घातली होती. ओव्हरटाइम मिळतो, खोटं कशाला बोलू. पण चैन म्हणाल तर मापं न जुळवता दोनशे म्हाताऱ्या माणसांना त्या आवाजात अर्धा तास आडवं झोपवणं ही जास्त मोठी चैन वाटते मला. तुमचं सगळं पटलंय असं नाही, पण तुम्ही विचारलंत ते बरं केलंत.

---

चहाबाज

रात्री साडेआठ? मग माणसं चहा पिऊन येत असणार. त्याने काही फरक पडतो का, की तेवढी तरी सूट आहे?

---

भौतिकवेडी

आयडी शोभतो तुम्हाला. पडतो की! कॅफिनने मेंदूतला रक्तप्रवाह बऱ्यापैकी कमी होतो, त्यामुळे रक्तप्रवाह मोजणारे स्कॅन आणि फंक्शनल एमआरआय यांत सरळ फरक दिसतो. पाणी कमी प्यायलेलं असणं आणि दिवसाची वेळ यांनी मेंदूचं घनफळही किंचित हलतं, सकाळी थोडं जास्त भरतं. म्हणून नाशिक रात्री आणि पुणे सकाळी स्कॅन करणार असेल तर तो फरक गावाच्या नावावर जमा होईल. आणि हालचाल! डोकं हललं की मेंदूची साल (बाहेरचा थर) पातळ मोजली जाते. म्हातारी माणसं जास्त हलतात, विसरभोळी त्याहून जास्त. म्हणजे आजार नसतानाही आजार दिसू शकतो.

---

कॉइलवाला

आमच्या यादीत आता लिहिलंय: दोन तास आधीपासून चहा-कॉफी नाही, एक ग्लास पाणी, केसांतले आकडे नि क्लिपा काढल्या का, डोळ्यांचा मेकअप धुतला का. त्यात लोहाचं ऑक्साइड असलं की डोळ्यांपाशी चित्र फाटतं. चहा न पिता येणाऱ्या आजोबांचा चेहरा बघवत नाही. दोन तास पुरे आहेत का, ते भौतिकवेडी सांगतील.

---

भौतिकवेडी

कमी आहेत. कॅफिन शरीरात पाचेक तास तरी रेंगाळतं. उलट एक त्रास असा की रोज चहा पिणाऱ्याचा चहा पूर्ण तोडला तर डोकं दुखतं आणि रक्तप्रवाह दुसऱ्या बाजूने बदलतो. काहीही ठरवा, पाचही केंद्रांवर एकच ठरवा आणि शेवटचा चहा किती वाजता घेतला ते फॉर्मवर लिहून घ्या.

---

आकडेमोड

जरा उशिरा आलो. सगळे मशिनवर बोलताय, मी कोष्टकावर बोलतो.

एवढं करूनही फरक उरतोच. तो नंतर गणिताने काढायची एक रूढ पद्धत आहे, कॉम्बॅट. मुळात ती २००७ साली जनुकांच्या चाचण्यांसाठी निघाली, कारण तिथेही एका दिवशीची बॅच दुसऱ्या दिवशीपेक्षा वेगळी यायची. पुढे दहा वर्षांनी मेंदूच्या स्कॅनवाल्यांनी ती उचलली. प्रत्येक केंद्राची सरासरी आणि पसारा जुळवून घ्यायचा, पण वय, लिंग, आजार यांचा परिणाम तसाच राखायचा. छान चालते. फक्त एक सापळा आहे, आणि आपल्याकडची मंडळी हमखास त्यात पडतात.

समजा, नाशिकच्या केंद्रात सगळे आजारी आणि पुण्याच्या केंद्रात सगळे निरोगी. आता नाशिकचे मेंदू लहान दिसले तर ते मशिनमुळे की आजारामुळे? कॉम्बॅट काय, प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला तरी सांगू शकणार नाही. म्हणून प्रत्येक केंद्राने दोन्ही प्रकारची माणसं घ्यायची, वयंही साधारण सारखी. कॉइलवाला, तुमच्याकडे माणसं कशी येणार आहेत?

---

कॉइलवाला

आकडेमोडसाहेब, नेमकी दुखरी नस दाबलीत. आमच्याकडे मेमरी क्लिनिकमधून येणार होती, म्हणजे बहुतेक आजारी. पुण्यात निवृत्त मंडळींच्या संघांतून, म्हणजे बहुतेक ठणठणीत. सोमवारच्या ऑनलाइन बैठकीत मांडतो. मुख्य संशोधक वैतागणार, कारण एथिक्स कमिटीकडे पुन्हा जावं लागेल.

---

खासगीत

अवांतर, पण महत्त्वाचं. हे स्कॅन पाच केंद्रांत एकमेकांकडे पाठवणार ना? नाव काढून टाकलं म्हणजे झालं असं समजू नका. टी१ स्कॅनमधून चेहरा उभा करता येतो. २०१९ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या लोकांनी ८४ स्वयंसेवकांचे चेहरे स्कॅनमधून बनवले आणि फोटो ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला दिले. ७० जण बरोबर ओळखले गेले! पाठवण्याआधी नाक-डोळ्यांचा भाग खोडून टाका. आणि तोही सगळीकडे एकाच साधनाने, नाहीतर तिथेही गावागावांत फरक पडेल. परदेशी संस्था सामील असेल तर आयसीएमआरमार्फत आरोग्य मंत्रालयाच्या समितीची मंजुरीही लागते.

---

कॉइलवाला

परदेशी कोणी नाही. चेहरा खोडायचं काम एकाच ठिकाणी, एकाच संगणकावर होणार आहे, तेवढं आधीच ठरलंय. पहिल्यांदाच "आधीच ठरलंय" लिहायला मिळालं.

अपडेट: फिरत्या डोक्यांना मंजुरी मिळाली. सहा माणसं, पाच केंद्रं, प्रत्येकाचे घरच्या केंद्रावर चार स्कॅन. दहांचं बजेट नाही. त्यातलं एक डोकं माझं, उरलेली पाच शोधतोय. वय ४० ते ६५, पाच गावं फिरायची तयारी. प्रवासखर्च मिळेल, मानधन बेताचंच. संमतीपत्र वाचून मगच हो म्हणा.

---

द्राक्षबाग

हंगाम नसेल तेव्हा येईन. पण छाटणीत माणूस मिळत नाही, तेव्हा नको.

---

गेजवाला

माझं घ्या. रिटायर झालोय, मास्टर पीस म्हणून डोकं फिरवायला हरकत नाही. वय ६१, बीपीची एक गोळी, बाकी ठणठणीत.

---

कॉइलवाला

काका, तुम्ही आलात तर फारच बरं होईल. शरीरात काही धातू? पेसमेकर, स्टेंट, स्क्रू, कानातलं काही? आणि क्वालिटीत यायच्या आधी शॉप फ्लोअरवर होता का?

---

गेजवाला

धातू काही नाही. सुरुवातीची चार वर्षं ग्राइंडरवर होतो. का?

---

कॉइलवाला

गॉगल लावायचात?

---

गेजवाला

गॉगल असायचा. खिशात.

---

कॉइलवाला

मग आधी डोळ्यांचा एक्स-रे. बुबुळाजवळ लोखंडाचा कण अडकलेला असेल तर ३ टेस्लाचं चुंबक त्याला हलवेल, आणि दृष्टी जाऊ शकते. सोमवारी सकाळी दहाला या, एक्स-रे आमच्याकडेच होईल. तोवर मशिनच्या खोलीत पाय ठेवायचा नाही, दारातूनसुद्धा डोकवायचं नाही.